सूट नको, शिकवणी हवी

दृष्टिबाधित विद्यार्थ्याचा विषय निघाला की एक कनवाळू सल्ला हमखास मिळतो: ‘त्याला वर्ड-एक्सेलच्या फंदात कशाला पाडता? संगणकाच्या पेपरातून सूट द्या.’ हा सल्ला मला साफ नामंजूर आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या, त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी. आरक्षणाने खुर्ची मिळते. पण त्या खुर्चीवरचं काम पत्रं, तक्ते आणि अहवालांचंच असतं. आज दिलेली सूट उद्या ‘याला काम येत नाही’ म्हणायला कारण पुरवते.

पहिला आक्षेप असा, की पडदा दिसत नसेल तर एक्सेल शिकायचं कसं? हा दोष डोळ्यांवर ढकलला जातो, पण तो शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ‘इथे क्लिक कर, तिथे ओढ’ एवढंच शिकवलं तर अंध मुलगा अडणारच. आता कीबोर्डवरून शिकवून पाहा. ऑल्ट दाबून सोडा, मग एच, ओ, आय: स्तंभाची रुंदी मजकुराच्या मापाची होते. पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरला शीर्षकांची ओळ एकदा सांगून ठेवली, की बाणाच्या कळीने उजवीकडे सरकताना ते आधी ‘गणित’ म्हणतं, मग गुण वाचतं, मग चौकटीचा पत्ता सांगतं. तक्ता कानांनी वाचता येतो.

दुसरा आक्षेप: ‘थोडं दिसतं ना, मग अक्षर मोठं करा, झालं.’ पडदा चौपट मोठा केला की एका वेळी त्याचा सोळावा हिस्साच नजरेत मावतो. माउसने बटण शोधता शोधता मान आणि डोळे दोन्ही दमतात. कीबोर्ड वापरला तर मॅग्निफायरची भिंग-चौकट आपणहून कामाच्या जागी सरकते. म्हणून अल्पदृष्टी विद्यार्थ्याला भिंग आणि आवाज दोन्ही द्यावेत: नजर ताजी असेल तेव्हा भिंग, लांबलचक मजकुराला आवाज.

तिसरा आक्षेप खर्चाचा. तो केव्हाच निकालात निघाला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेलं एनव्हीडीए आजही मोफत आहे. त्याच्यासोबतचा ईस्पीक आवाज मराठी आणि गुजरातीही वाचतो. घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या आमच्या वडोदऱ्याला आणखी काय हवं?

‘आता फोनच बोलतो, सगळं करतो’ हेही खरं नाही. बोलून मजकूर उमटतो. पण बेरीज तपासण्याची, मसुदा दुरुस्त करण्याची आणि खाली सही करण्याची जबाबदारी माणसाचीच. आणि ती दृष्टीशिवायही पेलता येते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत नेमणूक नाकारली गेली. पुढे त्या आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सबकलेक्टरपदी रुजू झाल्या. नाकारणाऱ्यांचा अंदाज किती तोकडा होता, हे त्यांच्या कामाने सिद्ध केलं.

मग करायचं काय? वडोदऱ्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटर क्लासने निदान एका यंत्रावर एनव्हीडीए टाकावं आणि सगळ्याच मुलांना कीबोर्ड आधी शिकवावा. डोळस मुलांचाही हात त्याने जलद होईल. नोट्स युनिकोडमध्ये द्याव्यात. जुन्या श्रीलिपीतला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर त्यामागची रोमन अक्षरं वाचू लागतो आणि हाती निव्वळ गोंधळ येतो. स्कॅन केलेलं पान तर त्याला नुसतं चित्र. मथळे ठळक करून थांबू नये, हेडिंग स्टाइलने द्यावेत, म्हणजे एकेका मथळ्यावर उडी मारता येते.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्याच शहरात एखाद्या मुलाला दयेपोटी वर्गाबाहेर ठेवणं शोभत नाही. त्याला इतरांच्याच बाकावर बसवा, तोच अभ्यासक्रम शिकवा, तीच परीक्षा घ्या.