बोलीवरून देश ओळखणारे

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या वाटेवर, डोंगरी नांवाचें गांव आहे. हा सारा धारावी बेटाचा मुलूख चिमाजी आप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत पोर्तुगीजांकडून घेतला. तेथील जुन्या ख्रिस्ती रहिवाशांचीं आडनांवें अजूनहि पोर्तुगीज वळणाचीं आहेत आणि घरांतली बोली मात्र उत्तर कोंकणच्या मराठीची. एखाद्या नवख्या अंमलदारानें केवळ नांवें वाचून या लोकांचा देश ठरविण्याचें मनांत आणलें, तर तो त्यांस लिस्बनच्या जहाजावर चढवील. वाचकांस हा विनोद वाटेल. परंतु याच मीरा-भाईंदर नगरींत जून २०२५ मध्यें जें घडलें तें याहून फारसें निराळें नव्हतें, आणि त्यांत हंसण्याजोगें कांहींच नव्हतें.

मुर्शिदाबाद जिल्ह्यांतला एक गवंडी मीरा रोड येथें कामास होता. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनीं त्यास धरलें. त्याच्यापाशीं आधारपत्र होतें, पॅनपत्र होतें. तेवढ्यानें भागलें नाहीं. त्याच्या गांवाहून आणि बंगालच्या अधिकाऱ्यांकडून कागद आले. त्यांनींहि भागलें नाहीं. त्यास सिलिगुडीकडे नेऊन सीमा सुरक्षा दलाच्या हवालीं करण्यांत आलें आणि १४ जूनच्या पहाटें तो सीमेपलीकडे लोटला गेला. कांहीं दिवसांतच, तो भारतीयच आहे असें ठरून, त्यास परत आणावें लागलें. महाराष्ट्रांतून नेलेले आणखीहि कांहीं बंगाली मजूर त्याच सुमारास असेच परत आले. केंद्र सरकारनेंच मे २०२५ मध्यें अशा संशयितांच्या चौकशीसाठीं तीस दिवसांची मुदत घालून दिली होती. येथें तर आठवडाहि लागला नाहीं.

यावर आमचे सुशिक्षित बंधु काय म्हणाले? ‘ओल्याबरोबर सुकेंहि जळतें!’ गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून आणि सायंकाळच्या फिरण्यांतून हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें म्हणणाऱ्यांपैकीं एकहि जण स्वतःला सुक्यांत धरीत नाहीं, हें आतां आमच्या ध्यानांत आलें आहे.

सीमा नसावीच असें म्हणणाऱ्या भावनाप्रधान पंथाचे आम्ही नव्हे. बांगलादेशाशीं आपली सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. तिच्यावर नद्या आहेत, चर आहेत, आणि माणसें पार करून देण्याचा धंदा करणारे दलाल दोन्ही तीरांवर आहेत. चोरून आलेल्या परकीयास परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. आधारपत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे, असें मुंबई उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें ठाण्याच्या एका प्रकरणांत म्हटलें, तेंहि आम्हांस मान्य आहे. मात्र ज्या न्यायानें आधारपत्रानें नागरिकत्व सिद्ध होत नाहीं, त्याच न्यायानें बोलीनें परकेपणहि सिद्ध होत नाहीं. आपण परकीय नाहीं हें दाखविण्याचा भार त्या इसमावर टाकलेला आहे, हें खरें. १९४६ च्या कायद्यांत तो होता, २०२५ च्या नव्या कायद्यांतहि आहे. परंतु भार उचलावयास वेळ लागतो, वकील लागतो, आणि समोर ऐकणारा कोणीतरी लागतो. शिवाय, हातांत कांहीं आधार नसतां नुसत्या संशयावर हा भार कोणावर टाकतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें आसामच्या एका खटल्यांत सांगितलें आहे.

बंगाली ही दोन राष्ट्रांची भाषा आहे, हें मराठी माणसास समजावून सांगावें लागावें याचें आम्हांस नवल वाटतें. १९६१ पर्यंत सावंतवाडी आणि पेडणें यांच्यामध्यें आंतरराष्ट्रीय सीमा होती. अलीकडे आणि पलीकडे बोली एक, देव एक, सोयरीक एक. त्या काळीं बांद्याच्या बाजारांतला एखादा माणूस हेल ऐकून कोणी पोर्तुगीज हद्दींत लोटला असता, तर आपण काय म्हटलें असतें?

आणि कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांस आमचा उलट प्रश्न आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें पासपोर्टावांचून शिरणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत, आणि बनावट पासपोर्ट वा व्हिसा वापरणाऱ्यास दोन ते सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिक्षा इतकी कडक असतां न्यायालय टाळावयाचें कशास? जो खरोखरच चोरून आला आहे, तो दलालाविरुद्धचा पहिला साक्षीदार असतो. नाव कोणाची, रात्री कोणाच्या घरीं ठेवलें, कागद कोणी छापले, हावड्याच्या गाडीचें तिकीट कोणी काढलें, हें तोच सांगूं शकतो. त्यास पहाटेच्या अंधारांत पलीकडे ढकललें कीं खटला संपला. दलाल मोकळा, आणि त्याचें गिऱ्हाईक पुनः त्याच्याच दारीं. १९९८ सालीं मुंबईहून असेच बंगाली लोक रेल्वेनें नेत असतां उलुबेरिया स्थानकावर जमावानें गाडी अडवून त्यांतील कित्येकांस सोडविलें होतें. म्हणजे उपाय नवा नाहीं, आणि तो फळाला आला असता तर २०२५ सालीं पुनः करावा लागला नसता.

या धंद्याचें खरें रूप कोणास पाहावयाचें असेल, तर त्यानें खाडीपलीकडे नायगांवास पाहावें. तेथें जुलै २०२५ मध्यें याच आयुक्तालयाच्या पोलिसांनीं स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्यानें एका अल्पवयीन बांगलादेशी मुलीची वेश्याव्यवसायांतून सुटका केली. तिला कोणीं सीमेवर लोटलें नाहीं. तिचा जबाब घेतला आणि तो ऐकून माणसें धरलीं. या कामाबद्दल पोलिसांची स्तुति करावयास आम्ही मागें घेणार नाहीं. मग गवंड्याचा जबाबहि त्याच धीरानें कां ऐकूं नये?

दलाल आपल्याहि घरचे आहेत, तेव्हां आपली भाषा कशी मऊ होते पहा! डिसेंबर २०२३ मध्यें निकाराग्वाकडे निघालेलें विमान फ्रान्समध्यें अडविलें गेलें आणि त्यांतले २७६ प्रवासी मुंबईस परत आले. त्यांत बहुतेक भारतीय होते. फेब्रुवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें लष्करी विमानानें १०४ भारतीय हातांत बेड्या घालून अमृतसरास आणून सोडले; त्यांत तिघे महाराष्ट्रांतले होते. बेड्या पाहून आपण संतापलों, तें योग्यच झालें. पण त्यांस आपण ‘घुसखोर’ म्हटलें नाहीं. ‘फसलेलीं पोरें’ म्हटलें. हा शब्द पद्मेच्या तीरावरच्या पोरांस कां चालूं नये, हें कोणी व्याकरणकार सांगेल तर बरें.

राहतां राहिला ठेकेदार. स्वस्त मजूर पाहिजे, त्याचें नांव वहींत नको, ही सोय त्याची. आणि स्वस्त सदनिकेची सोय आपली. परप्रांतीय मजुरांसंबंधींचा १९७९ चा कायदा ठेकेदारास सांगत असे कीं, प्रत्येक मजुरास छायाचित्रासह पुस्तिका द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेनें घेतली आहे. पण जुना कायदा जिवंत होता तेव्हांच ती पुस्तिका त्या गवंड्याच्या खिशांत असावयास हवी होती. मेट्रोच्या कारशेडसाठीं डोंगरीच्या टेकडीवरचीं झाडें तोडण्यास ग्रामस्थांनीं २०२५ सालीं हरकत घेतली. त्या टेकडीचें काय व्हावयाचें तें होवो. या नगरींत जेथें जेथें परांची बांधली जाते तेथें महानगरपालिकेनें आणि कामगार खात्यानें आधीं ठेकेदाराची वही मागावी, आणि मजुराचें गांव, ठाणें व जिल्हा तींत लिहिलेला नसेल तर पोलिसांच्या गाडींत प्रथम ठेकेदारास बसवावें.