गाडीत पाणी येतं तरी कुठून?

मैत्रिणींनो, पावसाळा आला की भिंतीची ओल, कपाटातला कुबट वास, डाळीतले किडे यांवर आपलं बोलणं होतंच. आज मात्र ओल घरातली नाही, गाडीतली आहे. ‘गाडीचं आम्हाला काय कळतंय, ते घरातले पुरुष बघतील’ असं म्हणून पान उलटू नका हं! तुमच्यातल्या कितीतरी जणी आता स्वतःच गाडी चालवतात. शिवाय हे काम गाडीच्या ज्ञानापेक्षा चिकाटीचं आहे, आणि चिकाटीत आपण कुणाला हार जाणार?

निमित्त झालं माझ्या नणंदेच्या गाडीचं. वन्सं मुलुंडला राहतात. त्यांच्या धाकट्याला दम्याचा त्रास. मागच्या पावसाळ्यात त्याचा खोकला हटेचना. गंमत म्हणजे घरी असला की बरा असायचा. शाळेत सोडायला गाडीत बसवलं की दहा मिनिटांत ढास सुरू! डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुठे ओल आहे का?” घर तर कोरडं ठणठणीत. दोन दिवसांनी त्याच्या हातातली पेन्सिल गाडीत खाली पडली. ती काढायला वन्सं वाकल्या, तर मागच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलंकिच्च. वरची रबरी चटई कोरडी असल्यामुळे इतके दिवस कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कार्पेट जरा उचललं, तर खालच्या नमद्यावर हिरवट-काळी बुरशी! मूल रोज त्यावर पाय ठेवून बसत होतं.

गॅरेजवाल्याने मागच्या डाव्या दाराचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, बदललं आणि पैसे घेतले. पुढच्या पावसात कार्पेट पुन्हा ओलं. मग तो म्हणाला, मागची काच काढून पुन्हा बसवावी लागेल. वन्संचे यजमान वैतागून म्हणाले, “त्यापेक्षा मिळेल त्या किमतीला गाडी विकून टाकू.”

आता मला सांगा, तुमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या छताला ओल आली, तर गळती तिथेच असते का? चौथ्या मजल्याच्या मोरीतून पाणी निघतं, भिंतीतून वाट काढतं आणि भलत्याच ठिकाणी डाग पाडतं. गाडीचंही तसंच आहे. पाणी जिथे साचतं, तिथूनच ते शिरलेलं असतं असं नाही. आजच्या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी तुमचे निम्मे पैसे वाचतील. वन्संची गाडी उभी राहते सोसायटीच्या उतारावर, तोंड वर करून. पाणी शिरत होतं पुढून आणि कार्पेटखालून ओघळून साचत होतं मागे. आम्ही दोघींनी ते एका रविवारी शोधून काढलं. साहित्य काय होतं? एक बादली, एक मग, टॉर्च आणि आठवडाभराची रद्दी.

आधी पाणी ओळखा

सर्वांत आधी सोप्या शंका फेडून घ्या. ओल्या छत्र्या, रेनकोट, मुलांची दप्तरं, डब्याच्या पिशवीतली सांडलेली बाटली यांचं पाणीही थोडं नसतं. आठवडाभर छत्र्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पाहा.

त्यानंतरही ओल राहिली, तर पाणी पांढऱ्या रुमालाने टिपा. गढूळ, मातकट असेल तर ते बहुधा पावसाचं. स्वच्छ पाणी असेल, पाऊस नसतानाही येत असेल आणि पुढच्या सीटच्या पायाशी साचत असेल, तर एसीचा संशय घ्या. एसी हवेतला दमटपणा शोषून त्याचं पाणी करतो आणि ते पाणी एका नळीने गाडीखाली टपकतं. आपल्या मुंबईच्या दमट हवेत एसी पंधरा-वीस मिनिटं चालला की उभ्या गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. जमीन कोरडी राहिली, तर नळी धुळीने तुंबली असं समजा. मेकॅनिककडून ती साफ करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

तिसरा प्रकार जरा जपून राहण्याचा. पाणी बोटाला बुळबुळीत लागत असेल, त्याला रंग असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते पाणी नव्हे, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. ते विषारी असतं. चव मुळीच पाहू नका, मुलांना आणि मांजरांना दूर ठेवा, आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा.

मग कोरडं करा

ओल्या गाडीत गळती शोधणं म्हणजे भरल्या हौदात भोक शोधण्यासारखं. रबरी चटया काढा. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हलक्या हाताने उचलली की कार्पेटची कड मोकळी होते. खालचा नमदा स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी खाली तांब्याभर पाणी निघतं. जुने टॉवेल दाबून ते टिपा, उघडीप मिळाली की दारं उघडून गाडी उन्हात ठेवा. बुरशी असेल तर नाका-तोंडाला मास्क लावा आणि दमेकऱ्याला आसपास फिरकू देऊ नका. बुरशी फार खोल गेली असेल, तर नमदा बदललेलाच बरा. आम्हीही शेवटी तो बदललाच.

एक ताकीद. सीटखाली वायरींचे जोड असतात, त्यांत पिवळ्या रंगाचे बहुधा एअरबॅगचे. त्यांना हात लावू नका, ओढू नका. खरं तर याच जोडांसाठी ओल लवकर काढायची. त्यांना गंज चढला की दिवे, लॉक, धोक्याचे इशारे, काहीही बिघडू शकतं. आणि पत्रा आतून सडतो तो वेगळाच. जुन्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांना पावसाळ्यात पायाखालच्या पत्र्याची काळजी वेगळी सांगायला नको!

आता एकेक जागा तपासा

गाडीत चारही ठिकाणी, कार्पेटखाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा. एकीने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसरीने बाहेरून मगाने किंवा झाडांच्या झारीने सावकाश पाणी सोडायचं. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. आधीच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एका जागी चार-पाच मिनिटं द्या, कागद पाहा, मगच पुढची जागा. पाण्याची टंचाई आपल्याला माहीतच आहे, पण या कामाला दोन-तीन बादल्या पुरतात. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा मात्र नको. पावसाचं पाणी कधी जाणार नाही अशा फटीतूनही तो आत शिरतो आणि आपली फसगत होते.

वायपरखालची जाळी: पुढच्या काचेच्या पायथ्याशी काळी प्लॅस्टिकची जाळी असते. काचेवरचं पाणी त्यातून आत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली निघून जातं. आपल्या उपनगरांत गाड्या उभ्या राहतात झाडाखाली. गुलमोहराची बारीक पानं आणि पाकळ्या ऐन पावसाच्या तोंडावर गळतात आणि नेमक्या त्या भोकांत बसतात. मग तिथे डबकं होतं आणि गाडीत ताजी हवा घेणाऱ्या वाटेने पाणी आत येतं. वन्संच्या गाडीत हेच झालं होतं. काचेच्या पायथ्याशी दोन मग पाणी सोडलं आणि पुढचा डावा कागद वरच्या कडेपासून भिजत आला. बॉनेट उघडून आम्ही हाताने पाला काढला. निघाला किती, तर पोळ्यांचा डबा भरेल एवढा, कुजून काळा झालेला. बीडिंग बदलायचे पैसे फुकट गेले होते!

दारं: दाराची काच जिथे आत जाते, तिथून थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते खालच्या कडेच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. चिखलाने ती भोकं बुजली, तर दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. आगकाडीने भोकं मोकळी करा. दुसरी गोष्ट, दाराच्या आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. तो पाण्याला गाडीत येऊ देत नाही. बाहेरून स्पीकर बसवले किंवा काचेची मोटर दुरुस्त केली, की घाईत तो कागद फाटतो, नाहीतर नीट चिकटवला जात नाही. स्पीकर बसवल्यानंतरच्या पहिल्याच पावसात ओल आली असेल, तर दुसरीकडे शोधूच नका.

दाराचं रबर: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडून, दाबून यायला हवी. सहज सुटून आली, तर तिथे रबर बसलं आहे. दुसरी युक्ती आपल्या टाल्कम पावडरीची. कोरड्या रबरावर पावडर फासा, दार लावा, बाहेरून पाणी सोडा, मग बाहेरचं पाणी पुसून दार उघडा. पाणी जिथून आलं, तिथे पावडरीत ओघळ स्पष्ट दिसतो.

छत: टपात उघडणारी काच असेल, तर तिच्या कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. काच उघडून एकेका कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूच ओता. ते चाकांच्या आसपास खाली टपकायला हवं. टपकलं नाही, तर नळी तुंबली. जोराची हवा मारू देऊ नका, नळी आतून निसटते आणि दुखणं वाढतं. पुढची काच कधी बदललेली असेल, तर छताच्या अस्तराच्या कडेला आणि काचेच्या बाजूच्या खांबावर डाग आहे का पाहा. तिथला चिकटवा राहून गेला असेल, तर ते काम काच बसवणाऱ्याचंच.

डिकी: स्टेपनी उचलून खालची खोलगट जागा पाहा. तिथे पाणी असेल, तर मागच्या दिव्यांभोवतीचं पॅकिंग किंवा डिकीचं रबर गेलं असणार. मागची सीट पाडून आतून टॉर्च मारा, पण डिकीत मुलाला बसवून झाकण लावण्याचा खेळ कधीही करू नका.

तुंबलेल्या रस्त्याचं पाणी

वरून येणाऱ्या पाण्याचं हे झालं. अंधेरीच्या सबवेसारख्या सखल जागी पाणी भरतं, तेव्हा ते दारांच्या खालच्या कडेतून आणि तळाच्या रबरी बुचांतून आत येतं. त्यावर रबर बदलून उपयोग नाही. त्या वाटेने न जाणं हाच उपाय. २६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कितीतरी जण गाडीतच थांबले. काचा, दारं उघडेनात, आणि काहींचे त्यात प्राण गेले. म्हणून पाणी दाराच्या कडेला लागायच्या आतच काचा खाली करा, गाडी सोडा, माणसं बाहेर काढा. गाडी पुन्हा घेता येते. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहू नका. इंजिनात पाणी असलं तर ते कायमचं मोडतं. ती ओढूनच न्यावी.

जुनी गाडी विकत घ्यायची असेल, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर ती गाडी कधीतरी बुडालेली आहे असं समजा. सुवासिक फवाऱ्याचा वास जास्तच येत असेल, तर स्टेपनीखाली वाकून बघायला लाजू नका.

वन्संच्या गाडीत त्यानंतर पाणी आलं नाही. नमदा नवा घातला, कार्पेट वाळवलं, आणि धाकट्याची ढास दोन आठवड्यांत आटोक्यात आली. औषधं डॉक्टरांचीच चालू आहेत, ती आपल्या मनाने थांबवायची नसतात. पण बुरशी जवळ असेपर्यंत औषध तरी किती झुंजणार, असं डॉक्टरच म्हणाले. गाडी विकायची गोष्ट आता कुणी काढत नाही.

तेव्हा यंदा मृगाच्या आधी छत्र्या बाहेर काढाल, गच्चीची पन्हाळी साफ करून घ्याल, त्याच दिवशी गाडीचं बॉनेट उघडून वायपरखालचा पालाही काढून टाका. पावसाळाभर महिन्यातून एकदा चटई उचलून कार्पेटवर हात दाबून पाहा. वरवर फिरवू नका बरं का, दाबून पाहा!