नाव भाड्याने देणारे प्रतिष्ठित

चित्रपटातील नट तेलाची वा साबणाची महती गातो, तेव्हा तो पैसे घेऊन बोलतो हे शाळकरी पोरही जाणते. खरा धोका आहे तो ज्यांच्या शब्दावर समाज निःशंकपणे विसंबतो, त्यांनी आपले नाव भाड्याने देण्यात.

२००८ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने पेप्सिको कंपनीशी करार केला. ट्रॉपिकाना फळरस आणि क्वेकर ओट्स यांच्या वेष्टनांवर डॉक्टरांच्या या देशव्यापी संघटनेचे बोधचिन्ह झळकणार आणि तीन वर्षांसाठी संघटनेला सुमारे सव्वादोन कोटी रुपये मिळणार, असा तो व्यवहार. दुखण्यातून उठलेल्या मुलासाठी ते खोके उचलणाऱ्या आईने काय समजावे? डॉक्टरांनी पारखून पसंत केले, हेच ना? वस्तुतः त्या चिन्हामागे होता तो केवळ सौदा.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१० साली संघटनेच्या अध्यक्ष व सचिवांवर सहा महिन्यांच्या निलंबनाची कारवाई केली. प्रकरण तेथे संपावयास हवे होते. परंतु फेब्रुवारी २०१६ मध्ये आचारसंहितेच्या संबंधित कलमातून डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनाच वगळण्यात आल्या. म्हणजे एका डॉक्टरने उत्पादनाची जाहीर शिफारस केली तर ते गैरवर्तन. लाखो डॉक्टरांच्या नावाने केली तर नियमाबाहेर!

रस्त्याकडेला बनावट आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट विकणारा भामटा निदान पकडता तरी येतो. खऱ्या चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो, खाली परवाना क्रमांक. दागिन्यावर सहा अंकाक्षरांची खूण असते. बीआयएस केअर अॅपवर हे सारे घरबसल्या पडताळता येते, आणि ते प्रत्येक कुटुंबाने करावेच. विकत घेतलेल्या शिफारशीला मात्र ना क्रमांक, ना मानक. पडताळायचे काय?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील शिफारसकर्त्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. पण 'मी योग्य ती शहानिशा केली होती' एवढे सिद्ध केले की सुटका. कोट्यवधी घेणाऱ्यांना दहा लाखांचे भय ते किती!

येथे स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांनीही डोळे मिटून चालणार नाही. याच संघटनेने २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा अनेकांना तो आयुर्वेदावरील हल्ला वाटला. तक्रारदाराचे हात स्वच्छ नव्हते, हे खरेच. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने त्यालाही आधी आपले घर नीट करण्यास सुनावले. तथापि पतंजलीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली, हेही तितकेच खरे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले, ते विदेशी दुकानदारापुरते नव्हते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०१६ साली वगळलेल्या संघटना पुन्हा त्या कलमात घालाव्यात, ही मागणी ग्राहक कार्यकर्त्यांनी आता गावोगावच्या डॉक्टरांच्या सह्यांनिशी पाठवावी. प्रामाणिक डॉक्टर सही करण्यास कचरणार नाहीत. त्यांचेच नाव विकले गेले आहे.