‘एका तासाची गोष्ट’ आणि आपल्याकडचे दार



केट शोपिन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेवर लिहिल्या जाणाऱ्या उत्तरांत एक वाक्य हमखास आढळते : ‘पतीच्या जाचाला कंटाळलेल्या स्त्रीची ही कथा आहे.’ हे वाक्य चुकीचे आहे. मूळ कथेत जाच कोठेही नाही. एवढेच सांगून हा विषय संपवता आला असता. परंतु आपल्याला जाच शोधावासा का वाटतो, हा प्रश्न मला कथेइतकाच महत्त्वाचा वाटतो. म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

कथा १८९४ साली प्रसिद्ध झाली. जेमतेम तीन पानांची. रेल्वे अपघातात पती ब्रेंटली दगावल्याची बातमी येते. लुईस मॅलार्डचे हृदय दुबळे आहे, म्हणून बहीण जोसेफिन ती बातमी तिला जपून, अडखळत सांगते. लुईस मोकळेपणाने रडते आणि मग एकटी वरच्या खोलीत जाते. उघड्या खिडकीतून वसंतातली झाडे, पावसाचा गंध, दूरवरचे गाणे तिच्यापर्यंत पोहोचते. तेथे तिला हळूहळू जाणवते की पुढची सगळी वर्षे आता तिची स्वतःची आहेत. आपण मुक्त झालो, असे ती पुटपुटते. खाली उतरते, तोच दार उघडून ब्रेंटली आत येतो. तो अपघाताच्या जागी नव्हताच. लुईस तेथेच कोसळते. डॉक्टरांच्या मते अतिआनंद तिच्या हृदयाला सोसला नाही.

ब्रेंटलीच्या हातांचा मायाळूपणा लुईसला आठवतो. त्याच्या चेहऱ्यावर तिच्याविषयी प्रेमाखेरीज दुसरे काही कधी दिसले नाही, हे ती स्वतःशी कबूल करते. अंत्यदर्शनाच्या वेळी आपल्याला पुन्हा रडू येईल, हेही तिला ठाऊक आहे. असे असूनही तिला सुटल्यासारखे वाटते. एका माणसाने आपली इच्छा दुसऱ्यावर लादणे हाच अन्याय आहे, मग हेतू प्रेमाचा असो वा दुष्टपणाचा, हा तिच्या विचाराचा गाभा आहे. नवरा वाईट दाखवला असता तर वाचकाची सोय झाली असती. दोष त्या एका माणसावर टाकून विवाहसंस्था तशीच शाबूत ठेवता आली असती. शोपिन ती सोय आपल्याला देत नाही. आपण मात्र उत्तरपत्रिकेत ती स्वतःहून करून घेतो.

आजऱ्यातल्या संमंत्रण सत्रात ही कथा चर्चेला घेतली की पहिला आक्षेप बहुधा महिलांकडूनच येतो : नवरा गेल्यावर कोणा बाईला बरे कसे वाटेल? हा आक्षेप भाबडा समजू नका. त्यामागे अनुभव आहे. लुईसच्या डोळ्यांसमोर जी वर्षे उभी राहतात, ती आपल्याकडे विधवेच्या वाट्याला आलीच नाहीत. तिने खोलीचे दार लावून घेतले आणि कोणीही तिच्या मागे गेले नाही. आपल्याकडे त्या तासात बाईला दार लावता येत नसे. भावकीतल्या बायका भोवती बसत आणि कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी यांचा हिशेब त्याच दिवसांत पुरा होई.

याला साहित्यातलाच दाखला हवा असेल तर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आठवा. शोपिनच्या कथेच्या अगदी आधीच्या वर्षांत, १८९० ते १८९३ या काळात, ती ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. यमूचा नवराही प्रेमळ आहे. तो तिला वाचायला शिकवतो, मुंबईत आपल्याबरोबर ठेवतो. तिला जो काही मोकळा वारा लाभतो तो त्याच्यामुळे आणि त्याच्या हयातीपुरता. तो जातो आणि यमूचे केशवपन होते. दोन समकालीन लेखक, दोन चांगले नवरे, दोन मृत्यू. एकीला मृत्यूने दार उघडलेले दिसते, तर दुसरीचे होते तेही दार मिटते. म्हणून ‘विवाह म्हणजे बंधन आणि वैधव्य म्हणजे मुक्ती’ असे सूत्र शोपिनच्या कथेतून काढून ते मराठी कथेवर लावू नका. ते जुळणार नाही. विवाहातले स्वातंत्र्य जोखताना विवाहाबाहेर बाईसाठी कोणती जागा उरते, हे आधी पाहावे लागते.

शोपिनबाईंना ती जागा ठाऊक होती. १८८२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, तेव्हा पदरी सहा मुले आणि पतीने मागे ठेवलेले कर्ज होते. काही काळ त्यांनी पतीचा व्यवसाय स्वतः चालवला आणि लेखन त्यानंतरच सुरू केले. योगायोग असा की त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले. पत्नी गेल्यावर पुरुषाला सगळे माफ आणि पती गेल्यावर स्त्रीला सगळे वर्ज्य, हे कसे, असा त्या संतप्त निबंधाचा सवाल होता. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला राजसत्तेने हात घातला, तो शाहू महाराजांनी. १९१७ साली करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. आणि तरीही शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, तो ४ मे २०२२ रोजी! शाहूस्मृतीच्या शताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा मार्ग सुचवला. कायद्यापासून ठरावापर्यंत एकशे पाच वर्षे गेली. कायद्याने पुन्हा लग्न करण्याची मुभा दिली होती. लग्न न करता, कपाळावर कुंकू ठेवून, हळदीकुंकवाला मानाने जाण्याची मुभा मात्र कोणत्याच कायद्यात नव्हती.

आता आजऱ्याकडे वळू. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातून दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या. नवरा मुंबईला, बाई गावाला. मनीऑर्डर, आणि सणाला आठ दिवसांची रजा. रोपलावण कधी करायची, बैल ठेवायचा की विकायचा, पोराला कोणत्या शाळेत घालायचे, हे सगळे तिनेच निभावले. लुईसला केवळ एक तास मिळालेले पतीविना जगणे या बायकांनी वर्षानुवर्षे जगून दाखवले. ते स्वातंत्र्य होते का? मला तसे वाटत नाही. नवरा दूर असला तरी सासरा, दीर, भावकी उंबऱ्यावरच होती आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. जबाबदारी तिची, निर्णयही पुष्कळदा तिचाच. पण तो ‘मालकांना विचारून सांगते’ असे म्हणत घ्यायचा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीतरी पुरुष गावी परतले. अनेक वर्षे ज्या घराचा गाडा तिने ओढला, त्या घरात ती पुन्हा दुय्यम झाली. या परतण्यावर मराठीत फारसे लिहिले गेले नाही, याची खंत वाटते. तुमच्यापैकी कोणाला आपल्या आईची किंवा आजीची अशी गोष्ट ठाऊक असेल तर ती लिहून काढा, परीक्षेसाठी नव्हे.

कमाई हाती आली की प्रश्न सुटेल, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी शेवटच्या परिच्छेदात देतात. ‘आर्थिक स्वावलंबन हाच स्त्रीमुक्तीचा मार्ग’ हे वाक्य इतके पाठ झाले आहे की ते कोणत्याही कथेखाली चिकटवता येते. त्याला मराठी कथेनेच फार पूर्वी आव्हान दिले आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह आला आणि मोठे वादळ उठले. टोपणनावामागची लेखिका कोण, याचीच चर्चा अधिक झाली. त्या होत्या हिंगण्याच्या महिलाश्रमात शिकलेल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या नायिका शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, पगार आणतात. लुईसपाशी जे नाही ते यांच्यापाशी आहे. पण त्या पगारावर माहेरचे घर चालते, म्हणून तिच्या लग्नाचे नाव कोणी मनापासून काढत नाही. येथे नवरा नाहीच आणि तरीही ती मोकळी नाही. तिची मिळकत हीच तिची बेडी झाली आहे. एका बाजूला पती आहे म्हणून गुदमरणारी लुईस आणि दुसऱ्या बाजूला लग्न होऊ दिले जात नाही म्हणून निःश्वास टाकणारी ही मुलगी : दोघींच्या आयुष्याचा निर्णय त्यांच्यावर प्रेम करणारी माणसेच घेत असतात. आपल्या जिल्ह्यात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तीही प्रेमानेच. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारी दुरुस्ती २००५ साली देशभर लागू झाली. पण भाऊबीज मोडायची नसते, म्हणून सही होते.

कथेतला आणखी एक बारकावा मला शिकवताना नेहमी महत्त्वाचा वाटतो. निवेदक तिला आरंभापासून ‘मिसेस मॅलार्ड’ म्हणतो. खोलीत ती मुक्तीचा उच्चार करते आणि त्यानंतर कुलपाच्या छिद्रातून बहीण हाक मारते, तेव्हा प्रथमच आपल्याला तिचे नाव कळते : लुईस. पुढे ब्रेंटली दारात उभा राहतो त्या क्षणी निवेदनात ती पुन्हा ‘त्याची पत्नी’ झालेली असते. मराठी स्त्रीला हे समजावून सांगावे लागत नाही. विवाहानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. तरीही प्रवेशअर्ज भरताना तुमच्यापैकी अनेकींची दहावीची गुणपत्रिका एका नावाची, आधारकार्ड दुसऱ्या नावाचे, आणि मध्ये राजपत्र नाहीतर प्रतिज्ञापत्र अशी कसरत झालेली असेल. घरात सूनबाई, वहिनी, अमक्याची आई. सत्रात हजेरी घेताना स्वतःचे नाव ऐकून क्षणभर थबकणारी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. शोपिनने तीन पानांत नावाचे जे केले आहे, त्यावर एक स्वतंत्र परिच्छेद तुमच्या उत्तरात अवश्य यावा. त्याला पाठांतर लागत नाही.

राहता राहिला ब्रेंटली. पुरुष विद्यार्थी त्याच्याविषयी लिहायचे टाळतात, जणू त्याच्या बाजूने लिहिणे म्हणजे कथेच्या विरुद्ध जाणे. खरे तर साऱ्या कथेत तोच एक असा आहे की ज्याला काहीही ठाऊक नाही. प्रवासाने मळलेला, हातात बॅग आणि छत्री, आजऱ्याच्या एस. टी. स्थानकावर पावसाळ्यात उतरणाऱ्या कोणत्याही चाकरमान्यासारखा. अपघात झाल्याचेसुद्धा त्याला माहीत नाही. जोसेफिनची किंकाळी ऐकून तो चकित होतो. आपण जिवंत असल्याचा अर्थ या घरात काय होऊन बसला आहे, हे त्याला कोण सांगणार? वरच्या खोलीतला तो तास फक्त लुईसला माहीत होता आणि आता तीही नाही. त्याच्यापाशी उरते ते डॉक्टरांचे निदान : तुम्हाला पाहून झालेला आनंद तिला सोसला नाही. त्यावर विश्वास ठेवून तो उरलेले आयुष्य काढील.