एकट्याचा व्यायाम

गोंदियाच्या बाजारपेठेतला, साठीकडे झुकलेला एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. खाली दुकान, वर घर, वडिलांच्या काळापासूनचा धान्याचा व्यवहार. पाच-सहा वर्षे तो रोज पहाटे एका स्नेह्याबरोबर फिरावयास जात असे. रेल्वेगाडीच्या भोंग्यावर दोघांची वेळ जुळलेली होती. एके दिवशी स्नेही मुलाकडे पुण्याला कायमचा राहावयास गेला. पहिला आठवडा व्यापारी एकटाच गेला. दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस गेला. महिनाअखेर त्याचे बूट जिन्याखाली जाऊन पडले. वर्षभराने रक्त तपासले तेव्हा साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले, त्यावर त्याने प्रामाणिक उत्तर दिले, "चालायला हरकत नाही, पण चालू कोणाबरोबर?"

या उत्तराला आळशीपणाचे म्हणून बाजूला सारता येत नाही. सोबतीने माणसाचा वेग वाढतो, हे फार पूर्वी मोजून झाले आहे. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट या अभ्यासकाने 1898 मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. केवळ घड्याळाविरुद्ध एकट्याने धावणारा स्वार सोबत असलेल्या स्वारापेक्षा मागे पडतो, असे त्याला आढळले. तेव्हा सोबत ही खरी मदत आहे. मात्र ती उसनी आहे, आणि उसन्या भांडवलावर चालणारा धंदा सावकाराने हात आखडता घेतला की थांबतो, हे व्यापारी कुटुंबांना कोणी सांगावयास नको. सोबती आजारी पडतो, गाव सोडतो, कधी त्याच्याशी व्यवहारावरून अबोलाही होतो. उतारवयात तर सोबती कमी होत जाणे हा निसर्गक्रमच आहे. ज्या वयात व्यायामाची गरज सर्वाधिक, त्याच वयात माणूस सर्वाधिक एकटा असतो.

दुकानदाराच्या बाबतीत गरज अधिक का, याचे उत्तर गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावर मिळते. हावड्याजवळ चेंगाइल येथील ज्यूट गिरणीतील 213 माणसांचा आहार, वजन आणि श्रम यांचा अभ्यास जीन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गाठोडी वाहणारे हमाल होते, कारकून होते आणि दिवसभर बसून राहणारे दुकानदारही होते. श्रम कमी म्हणून भूकही कमी, असा हिशेब तेथे जुळला नाही. बैठ्या माणसांचा आहार कष्ट करणाऱ्यांच्या तोडीचा होता आणि वजन मात्र अधिक होते. म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाचे पोट त्याला खरी गरज सांगत नाही. त्याआधी तीन वर्षे, 1953 मध्ये, लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. एकाच गाडीवर, एकाच खात्यात काम करणारी ही माणसे. पण दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. दुकानातली गादी आणि बसचालकाचे आसन यांत फारसा फरक नाही.

एकट्याने व्यायाम टिकवण्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते एका राजाचे आहे. सातारा जिल्ह्यातील औंध हे अवघ्या 72 गावांचे संस्थान. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 चा. ते चित्रकार होते, कलासंग्राहक होते, आणि प्रकृतीविषयी विलक्षण दक्ष होते. 1897 च्या सुमारास त्यांनी युरोपातील प्रसिद्ध बलोपासक सँडो याची साधने आणि पुस्तक मागवले आणि जवळपास दहा वर्षे ती पद्धत चालवली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने 1908 च्या आसपास ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि तेथून मागे वळले नाहीत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि 1938 मध्ये लंडनमध्ये लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाने त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. 1951 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. 1970 मध्ये त्यांनीही याच विषयावर पुस्तक लिहिले. बदलीच्या गावी मित्र मागे राहतात, सूर्यनमस्कार मात्र बरोबर जातो.

राजाला साधनांची किंवा माणसांची वाण नव्हती. तरी त्याने साधने सोडून अंगाएवढ्या जागेत होणारा प्रकार का निवडला, याचा विचार करण्यासारखा आहे. सूर्यनमस्काराला दुसऱ्या माणसाची जरूर लागत नाही, कारण त्याची रचनाच सोबतीचे काम करते. एक आवर्तन कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ठरलेले आहे. श्वास कोठे घ्यावा, कोठे सोडावा हे ठरलेले आहे. प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव आहे आणि बारा नावे झाली की एक फेरी पुरी होते. "आता पुरे" असे मन म्हणू लागते तेव्हा मोजणी सांगते, अजून चार राहिले. फिरण्यात हे नाही. फिरणारा कोणत्याही वळणावरून घरी परतू शकतो आणि परतला तरी काही अपुरे राहिल्यासारखे त्याला वाटत नाही. (ज्यांना सूर्याची नावे घ्यावयाची नसतील त्यांनी नुसते आकडे मोजावेत. माळेच्या 108 मण्यांची सवय असलेल्या बोटांना बाराच्या नऊ फेऱ्या जड नाहीत. मात्र सुरुवातीलाच नऊ करू नयेत, दोन पुष्कळ झाल्या.)

खरे पाहता जैन घरांत हा धडा नवा नाही. सामायिकाला बसणारी आजी कोणाची सोबत शोधत नाही. 48 मिनिटे ती एकटी बसते. कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही, तरी ती मध्येच उठत नाही. याचे श्रेय तिच्या इच्छाशक्तीला दिले जाते, पण थोडे श्रेय मांडणीलाही द्यावयास हवे. आसन ठरलेले, जागा ठरलेली, वेळेचे माप ठरलेले, आरंभी पच्चक्खाण आणि शेवटी पारणे. एकदा आसन अंथरले की "आज बसावे की नाही" हा प्रश्न उरत नाही. कायोत्सर्गही श्वासांच्या मापानेच केला जातो. ज्या घरात एकट्याने करण्याच्या इतक्या गोष्टी इतक्या शिस्तीने होतात, त्याच घरात व्यायाम मात्र "सोबत मिळाली तर" या अटीवर टांगलेला असतो, हे चमत्कारिकच म्हणावे लागेल.

सवय रुजण्यास किती दिवस लागतात, याचे एकवीस दिवसांचे उत्तर सर्वत्र ऐकू येते. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास निराळे सांगतो. 96 स्वयंसेवकांनी दिवसातील एका ठराविक प्रसंगाला एक नवी कृती जोडली, आणि ती आपोआप होऊ लागेपर्यंतचा काळ मोजला गेला. मध्यमान 66 दिवसांचे निघाले. सर्वांत लवकर 18, सर्वांत उशिरा 254. पाणी पिण्यासारख्या कृतीपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. याच अभ्यासात दिलासा देणारी एक गोष्टही आहे. मध्येच एखादा दिवस चुकला म्हणून सवयीच्या वाढीत फारसा खंड पडला नाही. रोजमेळ लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. कालचे पान कोरे राहिले तर आजच्या पानावर दुप्पट रक्कम दाखवून ते भरून निघत नाही, आणि एका कोऱ्या पानासाठी कोणी वही फेकूनही देत नाही. व्यायाम सोडणारे बहुतेक लोक या दोहोंपैकी एक काहीतरी करतात: पहिल्या चुकीनंतर दुसऱ्या दिवशी अंग मोडेपर्यंत श्रम करतात, नाहीतर "आता मोडलेच" म्हणून बसून राहतात.

म्हणून आरंभासाठी चातुर्मास बरा. आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सुमारे 120 दिवस होतात, म्हणजे त्या मध्यमानाच्या जवळजवळ दुप्पट. नियम घेण्याची घरात तशीही वेळ असते. गोंदियात या दिवसांत पाऊस भरपूर, बागेत हिरवळ आणि जीवजंतू, तिच्यावरून चालणे मनाला पटत नाही. तेव्हा गच्चीची पडवी किंवा आतला दिवाणखानाच उपयोगाचा. पुढे धानाचा हंगाम येतो, गिरण्या रात्रंदिवस चालतात आणि दुकानदाराला श्वास घ्यावयास सवड नसते. त्या दिवसांत अर्ध्या तासाचा हट्ट धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. त्याच वेळी सलग दहा मिनिटे झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली. चार-पाच मिनिटांची फेरीही हिशेबात जमा होते.

एका बाबतीत मात्र सावध राहावयास हवे, आणि एकट्याने व्यायाम करणाऱ्याने तर अधिकच. चौविहार पाळणाऱ्याच्या पोटात आदल्या सूर्यास्तापासून पाणीही गेलेले नसते. नवकारसी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. नवतप्याच्या दिवसांत अशा कोरड्या अंगाने जोराचा व्यायाम करणे शहाणपणाचे नाही. पहाटे हलके ताणणे, संथ चार फेऱ्या, आणि श्रमाचा भाग नवकारसीनंतर, असे दोन भाग पाडावेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी आणि आयंबिलात व्यायाम किती करावा हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण साखर एकदम उतरली तर ती ओळखणारे जवळ कोणी नसते. घरातल्या एकाला तरी आपली वेळ ठाऊक असू द्यावी. गुडघे दुखणाऱ्यांनी सूर्यनमस्काराचा आग्रह सोडून खुर्चीवरून उठणे-बसणे मोजून करावे. मोजणी सुटू नये एवढेच.

जिन्याखालच्या बुटांचा तो मालक आता गच्चीवर असतो. पहिले पंधरा दिवस त्याने बारापैकी सहाच नमस्कार घातले आणि सहाच लिहिले. लिहिण्यासाठी त्याने नवी वही आणली नाही. दुकानातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथीखाली बारीक आकडा घालतो. मधले तीन चौकोन रिकामे आहेत, भाचीच्या लग्नाचे. सून एकदा म्हणाली, "बाबा, मोबाईलमध्ये मोजता येतं ना हे." तो म्हणाला, "येतं, पण गिऱ्हाईक नसलं की मी भिंतीकडे बघतो, मोबाईलकडे नाही." पुण्याहून स्नेह्याचा रविवारी फोन येतो. तो तिथे एकटाच असतो आणि फिरणे त्याचेही सुटले आहे. गेल्या रविवारी याने त्याला पहिले सहा कसे घालावेत ते फोनवर सांगितले, आणि दोघांनी हिशेब सांगण्याची वेळ ठरवली: रविवार, सकाळी आठ, नवकारसीनंतर.