अक्षरे वाचली, अर्थ कोण वाचणार?

‘काल गिरमू टिपकत लोंबळीकडे गेला आणि त्याने दोन खिरपे फोंबले.’ या वाक्याला कोणताही अर्थ नाही. त्यातील निम्मे शब्द कोणत्याही मराठी शब्दकोशात सापडणार नाहीत. तरीही त्यावर प्रश्न विचारून पाहावेत. गिरमू कोठे गेला? लोंबळीकडे. तो कसा गेला? टिपकत. त्याने काय फोंबले? खिरपे. किती? दोन. चारपैकी चार गुण! शेरा ‘उत्तम’, पालक समाधानी, शाळेची श्रेणीही वधारलेली. फक्त लोंबळी म्हणजे नदी की टेकडी आणि खिरपे खायचे असतात की विकायचे, हे उत्तर लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असण्याची गरजही कोणाला भासली नाही.

महाराष्ट्रातील असंख्य प्राथमिक वर्गांत ‘आकलन’ या नावाखाली जे चालते, त्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. धडा मोठ्याने वाचला जातो, फळ्यावर प्रश्नोत्तरे उतरतात, ती वहीत जातात आणि परीक्षेत वहीतून उत्तरपत्रिकेत पोहोचतात. या संपूर्ण प्रवासात अर्थ नावाचा प्रवासी गाडीत कधी बसलाच नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा या गावाचे उदाहरण घ्यावे. हळद, सोयाबीन आणि कापूस यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यात अशा गावातील मुलासाठी सरकारी शाळा हेच विद्येचे पहिले आणि बहुतेक वेळा एकमेव द्वार असते. शहरातील मुलाला शाळेने शिकवले नाही, तरी शिकवणी असते, घरात पुस्तके असतात, शिकलेले आईवडील असतात. साखऱ्यातील शेतमजुराच्या मुलाला शाळेने वाचायला शिकवले नाही, तर त्याला ते दुसरे कोणीही शिकवणार नाही. म्हणून वाचनाचा प्रश्न हा केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ‘असर’ हे सर्वेक्षण केले जाते. २०२४ च्या पाहणीनुसार सरकारी शाळांतील इयत्ता पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. कोरोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा झाली, हे मान्य. पण पाचव्या वर्षीही निम्म्याहून अधिक मुले दुसरीच्या उंबरठ्यावरच उभी आहेत, हेही तितकेच सत्य आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. उतारा वाचू शकणे म्हणजे या चाचणीत मुख्यतः तो नीट उच्चारू शकणे. उच्चारलेले कळले का, हा पुढचा प्रश्न. त्याची झलक २०२३ च्या पाहणीत दिसली. १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपुढे जलसंजीवनीच्या पाकिटावरील सूचना ठेवण्यात आल्या आणि त्यांवर चार साधे प्रश्न विचारण्यात आले. किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाच त्यांतील तीन वा अधिक प्रश्नांची उत्तरे देता आली. म्हणजे ‘वाचता येते’ असा शिक्का बसलेल्या दर तीन तरुणांपैकी एकाच्या हाती औषधाचे पाकीट ठेवले, तर ते कसे द्यावे हे त्याला त्या पाकिटावरून समजत नाही. उद्या हाच तरुण कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना वाचणार आहे, पीकविम्याचा अर्ज भरणार आहे, कर्जाच्या कागदावर सही करणार आहे. निरक्षर माणूस निदान चार जणांना विचारतो. अक्षरे येतात पण अर्थ लागत नाही, असा माणूस विचारतही नाही. तो सही करून मोकळा होतो.

वेगाची पूजा

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने पायाभूत साक्षरतेला सर्वोच्च अग्रक्रम दिला आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह धरला. हे स्वागतार्हच होते. या अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत आणि तेही समजून वाचावेत, असे म्हटले आहे.

परंतु शासकीय यंत्रणेचा स्वभाव असा, की जे मोजता येते तेच खरे मानायचे. साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ हा शब्द मोजता येत नाही. त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत ‘समजून’ गळून पडतो आणि ‘साठ’ तेवढे शिल्लक राहतात. मग पर्यवेक्षक घड्याळ पाहतो, शिक्षक मुलाला दामटतो आणि मूल शब्दांच्या शर्यतीत धावू लागते.

वाचनाला ओघ नको असे नाही. मराठीच्या लिपीत बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून मुलाला शेकडो अक्षररूपे ओळखावी लागतात. जो मुलगा प्रत्येक अक्षरावर अडखळतो, त्याला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा विसर पडतो. म्हणून अक्षरओळख पक्की हवीच. अक्षरे शिकवण्याची गरज नाही, पुस्तकांच्या सहवासात मूल आपोआप वाचू लागेल, असे सांगणारे पंडितही तितकेच चुकीचे आहेत. मात्र ओघ हे साधन आहे. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून गाव आपोआप येत नाही.

पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत भरभर वाचणारा आहे आणि अर्थ न जाणता वाचणाराही आहे. आधुनिक शाळेने या दोन दोषांना एकत्र आणून त्यांनाच प्रगतीचे मोजमाप ठरवले! निरुक्तकार यास्काने तर वेद पाठ करूनही ज्याला अर्थ कळत नाही, त्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आज दप्तराचे ओझे कमी करण्यावर चर्चासत्रे भरतात. अर्थावाचून डोक्यात भरलेल्या शब्दांचे ओझे कोण कमी करणार?

आकलन शिकवावे लागते

‘वाचता येऊ लागले की समजतेच’ हा या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी असलेला भ्रम आहे. अमेरिकेत १९८४ साली पॅलिन्सार आणि ब्राऊन या दोन संशोधिकांनी, शब्द बरे वाचणाऱ्या परंतु आशय न समजणाऱ्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चार कृती शिकवल्या: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, मजकुरावर स्वतः प्रश्न काढणे, अडलेला शब्द वा वाक्य उलगडणे आणि थोडक्यात सार सांगणे. आधी शिक्षक या कृती मोठ्याने बोलून करून दाखवतो, मग मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात. या मुलांच्या आकलनात स्पष्ट सुधारणा दिसली.

यात परदेशी म्हणून बिचकण्यासारखे काय आहे? हिंगोली जिल्ह्यातच संत नामदेवांचे नरसी आहे. नामदेवांची परंपरा सांगणारा कीर्तनकार काय करतो? तो अभंगाचे एक चरण घेतो. श्रोत्यांनाच शंका विचारतो. एकेका शब्दाची फोड करतो, व्यवहारातला दृष्टांत देतो, मागच्या चरणाशी सांधा जोडतो आणि शेवटी सार सांगून अभंग पुरा करतो. गावोगावी पोथी लागते, तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचणे आणि अर्थ लावणे ही दोन कामे आहेत, हे निरक्षर श्रोत्यांच्या या समाजाला शतकानुशतके ठाऊक होते. श्रवणानंतर मनन सांगणाऱ्या परंपरेच्या देशात मननाचा तास वेळापत्रकातून नाहीसा व्हावा, हे दुर्दैव नव्हे काय? पाठांतराच्या आहारी जाऊन अर्थ विसरणारेही याच समाजात होते. परंतु दोष सोडावा आणि गुण घ्यावा, हाच विवेक.

वर्गात हे कसे घडेल? समजा, एक साधा उतारा आहे: ‘हळद शिजवून झाली. रामभाऊंनी ती अंगणात पसरली. दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळे झाले. रामभाऊ ताडपत्री घेऊन धावले.’ ‘रामभाऊंनी हळद कोठे पसरली?’ हा प्रश्न लोंबळीच्या जातीचा. ‘रामभाऊ का धावले?’ हा खरा प्रश्न, कारण पाऊस हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. तो मुलाला स्वतः मनात आणावा लागतो. ‘हळद भिजली असती तर काय झाले असते?’ येथे मुलाचे घर आणि शेत वर्गात येते. हे तीन प्रश्न विचारायला ना संगणक लागतो, ना निधी.

येथेच एक महत्त्वाचे सत्य दडले आहे. १९८८ साली रेख्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलच्या सामन्यावरील उतारा विद्यार्थ्यांना वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन हे विषयाच्या ज्ञानावर उभे असते. हळदीच्या उताऱ्यावर साखऱ्याचे मूल पुण्याच्या मुलाला मागे टाकेल. मेट्रोच्या उताऱ्यावर तेच मूल मागे पडेल आणि त्याला मंदबुद्धी ठरवले जाईल! म्हणून इतिहास, भूगोल आणि परिसर अभ्यास यांना बाजूस सारून केवळ ‘वाचन कौशल्या’चे तास वाढवणे हाही आत्मघातच. ज्याला आपला इतिहास, आपल्या नद्या, आपली पिके आणि आपले सण माहीत आहेत, तोच पुढे जगाचे पुस्तक समजून वाचेल.

भाषा किती, यापेक्षा भाषा कशी

मराठवाड्याला या प्रश्नाची जखम जुनी आहे. निजामी राजवटीत राज्यकारभार उर्दूत होता आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरच्या भाषेतून ज्ञान मिळणे हा मराठी, कानडी आणि तेलुगू मुलांचा हक्क तेथे मानलाच गेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे जोखड गेले. आज मात्र त्याच प्रदेशातील पालक इंग्रजी माध्यमाच्या पाटीसाठी पदरमोड करतात, आणि मूल मराठीतही समजत नाही व इंग्रजीतही समजत नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत लटकते. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी तर प्रमाण मराठी हीच नवी भाषा. त्याला घरच्या बोलीतून मराठीच्या अर्थापर्यंत हात धरून नेणारा पूल कोणी बांधत नाही.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावर महाराष्ट्र ढवळून निघाला. शासनाला १६ एप्रिल आणि १७ जूनचे आपले निर्णय २९ जून रोजी मागे घ्यावे लागले. मोर्चाच्या घोषणा झाल्या, वाहिन्यांवर वाग्युद्धे झाली. परंतु पहिल्याच भाषेत पाचवीच्या मुलाला चार वाक्यांचा अर्थ का लागत नाही, यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. मराठीचा अभिमान केवळ पाटीवर मिरवायचा आणि वर्गात तिचा अर्थ मरू द्यायचा, याला भाषाप्रेम म्हणत नाहीत.

समाजाने काय करावे?

सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. आकलन कसे शिकवावे हे त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षणात क्वचितच शिकवले गेले. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे करायची, ऑनलाइन माहिती भरायची. मग मुलाशी धड्यावर बोलायचे केव्हा? शासनाने अशैक्षणिक कामांचे हे ओझे उतरवावे. परीक्षेत न वाचलेला उतारा द्यावा आणि त्यातील निम्मे प्रश्न तरी असे असावेत, ज्यांची उत्तरे उताऱ्यातून उचलून लिहिता येणार नाहीत. कपाटात कुलूपबंद असलेली गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाती जावीत. फाटलेले पुस्तक हा शाळेचा गुन्हा नसून भूषण मानावे.

हे घडू शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषीने फलटणला मराठी वाचन शिकवण्याची अर्थपूर्ण पद्धती घडवली. लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ उभे केले. नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था वाड्याच्या आदिवासी भागात हेच काम करत आली आहे. हिंगोली जिल्ह्यालाही असा वारसा आहे. याच जिल्ह्यातील कडोळी येथे ११ ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी १९५२ साली दूर गोरखपुरात पहिले सरस्वती शिशु मंदिर उभारले. त्यांनी प्राथमिक शिक्षण हे शासनाच्या दयेवर सोडण्याचे काम मानले नाही.

प्रत्येक सुशिक्षित घराने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने हाच धडा घ्यावा. गावातील मंदिराच्या ओसरीवर संध्याकाळी दहा मुले जमवून अर्धा तास गोष्ट वाचावी, मध्येच थांबून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे आणि शेवटी एका मुलाकडून ती गोष्ट त्याच्या शब्दांत ऐकावी. घरी मुलाला ‘किती पाने झाली?’ असे न विचारता ‘त्यात काय होते, आणि तुला काय वाटले?’ असे विचारावे. उत्तर चुकले तर रागावू नये. ते तसे का वाटले, हे मजकुरातच शोधायला लावावे.

अर्थ न समजता वाचणारी पिढी अफवेला बळी पडते, जाहिरातीला भुलते, कोणीही लिहिलेल्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करते. अशा साक्षरांच्या संख्येवर राष्ट्र मोठे होत नाही. साखऱ्याच्या मुलाने पाचवी ओलांडताना एक परिच्छेद समजून वाचावा आणि ‘हे मला पटत नाही’ असे कारणासह सांगावे, एवढी मागणी आहे. ती पुरी करण्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी एक पुस्तक उघडले, तरी आरंभ होतो.