खडा दिसला नाही, मग सूज कशाची?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘किडनीला सूज’ असं आलं की घरातल्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो मुतखड्याचा. बहुतेकदा तो खराही ठरतो. कुळथाचं कढण सुरू होतं, पाणी वाढतं, रिपोर्ट कपाटात जातो. मला काळजी वाटते ती उरलेल्या थोड्यांची. सूज आहे, पण खडा कुठेच नाही, अशांची.

मुळात ‘सूज’ हा शब्दच फसवा आहे. मुरगळलेल्या घोट्याला येते तशी ही सूज नव्हे. खाली वाट अडली की लघवी तुंबते आणि किडनीची पोकळी फुगते. डॉक्टर तिला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. मूत्रवाहिनी सुमारे 25 सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम काही मिलिमीटर रुंद. तीत खडा अडकला तर माणूस कळवळतो. गाठ मात्र हळूहळू वाढते, आणि किडनी कित्येकदा मुकाट्याने फुगत राहते.

मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कॅन्सरपैकी 5 ते 10 टक्केच या वरच्या भागात, म्हणजे किडनीच्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत होतात. बाकी बहुतेक मूत्राशयातले. पण इथली भिंत पातळ, त्यामुळे निम्म्याहून अधिक गाठी निदान होतं तेव्हाच आत शिरलेल्या असतात. दुर्बिणीतून काढलेला तुकडा इवलासा आणि वरवरचा असतो. गाठ किती खोल गेली हे किडनी काढून तपासल्यावरच पक्कं कळतं. म्हणून आधी दिसणाऱ्या खुणांना मोल आहे आणि सूज ही त्यातली एक. शस्त्रक्रियेआधी किडनी फुगलेली होती अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गाठ खोल असण्याचं आणि आजार उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आढळलं. युरोपीय युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनीही सूज जोखमीच्या खुणांत मोजली आहे.

हे आधी कळून करायचं काय? शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिली तर आजार परतण्याचा धोका बराच कमी होतो, हे ब्रिटनमधल्या ‘पाऊट’ चाचणीने 2020 साली दाखवलं. पण सिस्प्लाटिन हे मुख्य औषध किडनीवरच ताण टाकतं. एक किडनी गेल्यावर ते अनेकांना झेपत नाही. म्हणजे केमो आधी द्यायची की नंतर, ही चर्चा दोन्ही किडन्या शरीरात असतानाच व्हायला हवी. फुगलेली किडनी आधीच निकामी होत आली असेल, तर हे गणितही अवघड होतं. म्हणून तर उशीर नको.

सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, हे पुन्हा सांगते. प्रोस्टेट वाढल्याने, जन्मजात अडथळ्याने, गरोदरपणातही किडनी फुगते. उलट, सूज नाही म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. किडनीच्या पोकळीतली गाठ वाट न अडवताही वाढू शकते. तेव्हा लघवीतून रक्त जाणं ही सगळ्यात नेहमीची खूण. दुखलं नाही आणि एकदाच गेलं, म्हणून कितीतरी जण ते अंगावर काढतात.

घरात कुणी पन्नाशीपुढचं असेल, बिडी-सिगारेट ओढत असेल, आणि रिपोर्टात सूज असूनही खडा नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, वाट कशाने अडली आहे? सीटी युरोग्राफी करायची का? उत्तर मिळेपर्यंत तो रिपोर्ट कपाटात ठेवू नका.